टाकीतलं दूध १०२४ अंशांवर!

मंडळी, आज मुकुंदवाडीजवळच्या डेअरीत आमची नवी इंजिनिअर वैशाली रडकुंडीला आली होती. तिनं बसवलेल्या स्क्रीनवर दुधाचं तापमान १०२४ अंश दिसत होतं.

मालक भडकले, "दूध हाय का वितळलेलं लोखंड? काढा हे यंत्र!"

तिचा वरिष्ठ म्हणून मी तिला म्हणालो, "घाई नाय, शांतपणे बघ."

थोड्या वेळानं ती ओरडली, "सर, सेन्सर आकडा दोन बाइटमध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत पाठवतो, मोठ्या किमतीचा बाइट आधी. आपला प्रोसेसर आधी आलेला बाइट लहान किमतीचा समजतो, म्हणून ४ चे २५६ पट होऊन १०२४ दिसतात. बिघाड कुठंच नाय!"

तिनं वाचायचा क्रम बदलला अन् स्क्रीनवर ४ अंश आले. मालकांनी स्वतः चहा आणून दिला. पण कप बाजूला ठेवून तिनं आधी स्क्रीनवरचा आकडा पुन्हा दोनदा तपासला.

नव्या माणसाला आपण इतकं का घाबरवतो हो?