प्रयागबाईचं जोडवं

बाबाराव आदिलाबादच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत कामाला होता. निजामाचं राज्य गेलं, पुढे जिल्हा आंध्रात गेला, आणि दाराशेजारच्या भिंतीवरची 'फासला रखो', म्हणजे 'लांब राहा', ही उर्दू पाटी उतरून तिथं तेलुगू पाटी चढली. त्याच्या बायकोला, प्रयागबाईला, दोन्ही सारख्याच, कारण तिला वाचताच येत नव्हतं. रोज दुपारी ती भाकरी घेऊन यायची आणि पाटीखालच्या बाकावर भिंतीला टेकून खुशाल बसायची. बाबारावानंही पाटी कधी मनावर घेतली नव्हती.

नव्या डॉक्टरांनी मात्र त्याला फैलावर घेतलं. "किरणं दिसत नाहीत, म्हणून काय ती नसतात? शिशाचा एप्रन घाल, भिंतीआड उभा राहा आणि लांब राहा. दुप्पट लांब गेलास की मारा चौथाईवर येतो."

त्या दुपारी तो बायकोवर लांबूनच ओरडला, "तिथं बसू नको! दूर सरक!"

व्हरांडाभर माणसं होती. प्रयागबाईचा पारा चढला. "दूर काऊन? मी काय बाहेरची हाये? तीन महिने झाले, बाहेर बसलीच कुठं मी!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाबारावाला उमगायला जरा वेळ लागला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दिवस गेले होते, पण आनंद करायचीही सोय नव्हती. तीन महिने ती पोटच्या जिवाला घेऊन त्याच बाकावर बसत होती. तो तसाच डॉक्टरांकडे धावला.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. काळ्या कागदात गुंडाळलेली कोरी फिल्म बाकामागच्या भिंतीला लावायची, मध्ये धातूची एखादी वस्तू ठेवायची. किरणं भिंतीतून आली, तर फिल्म काळी पडेल आणि वस्तूची पांढरी खूण उमटेल. प्रयागबाईनं कुरकुरत पायातलं एक जोडवं काढून दिलं.

आठ दिवस यंत्र रोजच्यासारखं चाललं. प्रयागबाई अंगणातल्या लिंबाखाली बसायची, बाबारावाला मात्र घास गोड लागेना. नवव्या दिवशी त्यानं स्वतः फिल्म धुतली आणि उजेडात धरली.

"जोडवं दिसून राह्यलं का?" तिनं विचारलं.

"नाई. काईच नाई." त्याला रडूच फुटलं. निजामाच्या वेळची दोन हात रुंद दगडी भिंत इमानानं उभी होती.

तरी प्रयागबाई पुढेही लिंबाखालीच बसली. पोरगी झाली, बाळसेदार. बाबारावानं ती फिल्म चौकटीत घालून घरात लावली.

पाहुणे म्हणायचे, "चौकटीत तर काईच नाई!"

प्रयागबाई पोरीला पुढं ओढायची. "काईच नाई, तोच तर हिचा पयला फोटो हाये."