कुलपाला सांगून निघायचे ते वर्ष

दुष्काळाच्या वर्षी कारखान्यानं ह्यांना वर्षभराच्या शिक्षणासाठी जपानला पाठवलं. देवळाली प्रवराच्या स्टँडवर हे घाईत एसटीत चढले आणि खिडकीतून म्हणाले, "जातो गं." निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सासूबाई निरोपाला पाथर्डीहून आल्या होत्या. त्या गाडीमागं चार पावलं पळाल्या. "आरं, येतो म्हन की!" पण गाडी वळली होती. माझ्या मनानं धसकाच घेतला, हे परत येतात की नाही.

सासूबाई दुसऱ्या दिवशी गावी गेल्या. मी शाळेत मास्तरीण, भाड्याची एक खोली, आणि बोलायला भिंती. ह्यांची जपानी शिकायची वही मागं राहिली होती. स्टोव्हवर एकटीपुरता भात ठेवून मी ती वाचत बसायची. ‘कुरु’ म्हणजे येणं. त्याखाली ह्यांच्या अक्षरात होतं: घरातून निघताना ‘इत्ते किमास’ म्हणायचं, म्हणजे जाऊन येतो. घरच्यांनी ‘इत्ते इराश्शाई’ म्हणायचं, म्हणजे जाऊन या. तिथली माणसंही आपल्यासारखीच निघाली, म्हणून जरा धीर आला.

मग पत्र आलं. तिथं राहतो त्या घरची म्हातारी न सांगता निघालं की रागावते, म्हणून रोज सकाळी तिला ‘इत्ते किमास’ म्हणतो, असं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. त्या दिवशी मी वर्गाला उगाच तीसपर्यंत पाढे लिहायला लावले. परक्या म्हातारीला रोज ‘येतो’, आणि बायकोला ‘जातो’.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला निघताना मी दाराच्या कुलपाला ‘इत्ते किमास’ म्हणू लागले. म्हणताना हसू यायचं. संध्याकाळी तेच कुलूप काढताना मात्र रडू यायचं.

वर्षानं हे सुखरूप आले. दुसऱ्या सकाळी कारखान्यात जायला बूट घातले आणि सवयीनं बोलून गेले, "इत्ते किमास."

"इत्ते इराश्शाई," मी स्टोव्हपाशी बसूनच म्हटलं.

हे उंबऱ्यात थबकले. "तुला कुठून येतं?"

"वर्षभर कुलपाला म्हणत होते. मला मराठीत सांगत जा."

हे वाकून बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले. मग हळूच ‘येतो’ म्हणाले आणि गेले. भोंगा कधीच होऊन गेला होता.

पुढं आठ-दहा दिवस आठवणीनं म्हणाले. मग विसरले. मी मात्र अजून निघताना ‘इत्ते किमास’ म्हणते. हे घरात असले तरी, दाराच्या कडीकडे बघून.