गोखरूची बाटली

म्हाताऱ्यांकडे किस्से फार, असं लोक म्हणतात. असणारच ना. घरी कोणी ऐकत नाही, मग साठतात. मी, सदा परब आणि मढचा गोपाळ, तिघंही अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. आता रोज सकाळी जोगेश्वरीच्या बागेत भेटतो. आमचे किस्से मात्र हल्ली एकाच विषयाचे. प्रोस्टेट.

*

आधी आम्ही झाडाखालच्या बाकावर बसायचो. सावली झकास. मग एकेक बाक पुढे सरकत शेवटी मुतारीसमोर आलो. वास मारतो, मच्छर चावतात, पण हलत कोणी नाही. एकदा एक बाई म्हणाल्या, "काका, तिकडे सावलीत बसा ना."

गोपाळ म्हणाला, "ताई, सावली काय करायची? दार दिसायला पाहिजे."

*

गोपाळला डॉक्टरांनी विचारलं, "धार कशी आहे?"

"पूर्वी बापाच्या होडीवरून समुद्रात पडायची. आता चपलेवर पडते."

डॉक्टर हसले. बागेत ऐकून आम्हीही हसलो. सांगताना गोपाळचे डोळे मात्र भरले होते. त्यानं मुकाट्यानं गोळ्या सुरू केल्या.

*

सदाचं उलटं. "तीस वर्षं गोळ्या पॅक केल्या. एक गिळणार नाय." भोपळ्याच्या बिया खायचा, वरुणाच्या झाडाच्या सालीचा काढा बाटलीत भरून बागेत आणायचा. एवढं पाणी पोटात गेल्यावर फेऱ्या वाढणारच. प्रत्येक फेरीनंतर येऊन म्हणायचा, "बघ, लागू पडतंय."

*

कामाला मात्र सदासारखा माणूस नव्हता. एकदा पट्ट्यावरून बाटल्या धावताहेत, आणि एकीवर भलत्याच औषधाचं लेबल. हा ओरडला, "लाइन बंद!" साहेब धावत आले. एका बाटलीसाठी सगळं काम थांबवलं म्हणून भडकले.

सदा म्हणाला, "साहेब, ती एक कोणाच्या घरी जाणार, तुम्हाला ठाऊक आहे काय?"

अख्खी बॅच परत तपासली. आमच्यात उशीर चालायचा, लेबलची चूक नाही.

*

आता माझं. मी गोखरूच्या, म्हणजे त्या काटेरी सराट्याच्या, अर्काच्या कॅप्सूल घ्यायचो आणि बागेत बढाया मारायचो. दोन महिन्यांत ढिम्म फरक पडला नाही. गुपचूप डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "गोखरू घ्यायचा तर घ्या, पण तपासण्या चुकवू नका." आणि त्यांनी अ‍ॅलोपॅथीच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सदा चिडवेल म्हणून मी त्या स्ट्रिपमधून काढून गोखरूच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. आठवड्यात आराम पडला.

मी तासभर बाकावरून उठत नाही, हे सदानं बघितलं. "नाना, तुझी बाटली कुठली रे?"

मी लेबल दाखवलं. त्यानं काढा सोडला आणि दुकानातून तसलीच बाटली आणली. आठ महिने घेतली. त्याच्या बाटलीत गोखरूच होता. मधूनमधून विचारायचा, "तुका लागू पडला, माका कित्याक नाय?" मी म्हणायचो, "धीर धर." आज सांगताना लाज वाटते, पण असंच म्हणायचो.

*

गणपतीच्या आधी सदाची लघवी पूर्ण अडली. हॉस्पिटलात नळी घातली. लघवी साठून साठून दोन्ही किडन्या खराब झाल्यात, आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो तर सदाची बायको, सुलूवहिनी, म्हणाल्या, "भावजी, तुमचंच औषध घेत होते हो. एक दिवस चुकवलं नाही."

दुपारची वेळ, माझ्या औषधाची वेळ. सवयीनं खिशातून बाटली काढली आणि सदानं हात पुढे केला.

नाही कसं म्हणणार? दिली.

त्यानं झाकण उघडून एक कॅप्सूल तळहातावर घेतली. चष्मा न लावता बोटांत फिरवली. मग उशाशी ठेवलेली आपली बाटली उघडली आणि त्यातली एक शेजारी ठेवली. लेबलं सारखी होती. कॅप्सूल वेगळ्या.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

सदानं कॅप्सूल जिथल्या तिथे टाकल्या, दोन्ही झाकणं घट्ट लावली आणि माझी बाटली माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाला,

"लाइन बंद."