एकादशीचा मसाला डोसा

सासूबाईंना मी ऐन एकादशीला हॉटेलात नेऊन मसाला डोसा खाऊ घातला. एक नव्हे, दोन. वर कॉफी.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी कार्यक्रमाविषयी सांगायला हवं. साठच्या आसपासची गोष्ट. मी बंगळूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांचा कार्यक्रम टाइप करायचं काम माझ्याकडे असे: किती वाजता कुठे, कोण भेटणार, चहा कोणाकडे. साहेब त्यातलं निम्मंही पाळत नसत, पण कागद फार देखणा दिसायचा. त्यामुळे सासूबाई तीन दिवसांसाठी येणार असं बेळगावहून पत्र आलं, तेव्हा माझे हात शिवशिवायला लागले. मी त्यांचाही कार्यक्रम टाइप केला. तीन प्रती काढल्या. एक माझी, एक बायकोची. तिसरी कोणाला द्यायची हे ठरलं नव्हतं, पण कार्बन घातलेलाच होता.

सासूबाईंचं घर चौदा माणसांचं. सकाळी चहाला चूल पेटायची ती रात्री दुधाला विरजण लागेपर्यंत विझत नसे. सगळ्यांची पानं उठली की त्या जेवायला बसायच्या आणि जे उरलं असेल ते, जसं उरलं असेल तसं खायच्या. हॉटेलात त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. बंगळूरलाही पहिल्यांदाच येत होत्या, आणि त्या येणार म्हटल्यावर बायकोने माझ्यापुढे एकच अट ठेवली. लालबाग दाखवा, म्युझियम दाखवा, बाजार दाखवा, काय वाटेल ते दाखवा. पण आईने तीन दिवस चुलीकडे जायचं नाही, आणि एकदा तरी तिने बसून, दुसऱ्याच्या हातचं, तव्यावरून उतरलेलं गरम खायचं. हे सांगताना तिचा आवाज जरा निराळा झाला होता. मी लगेच लिहून घेतलं: गरम.

मग तिने विचारलं की त्या तीन दिवसांत एकादशी तर येत नाही ना, ते बघा. आई एकादशी मोडणार नाही.

आमच्या घरी पंचांग नव्हतं. कचेरीतून मिळालेलं कॅलेंडर होतं, त्यात सुट्ट्या लाल अक्षरांत होत्या आणि एकादश्यांना सरकार सुट्टी देत नसे. म्हणून मी शेजारच्या अक्कांना विचारलं. अक्का अत्यंत धार्मिक, रोज पहाटे तुळशीपुढे रांगोळी काढणाऱ्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सोमवारी. माझं काम झालं. मी टाइप केलं: शनिवार, आगमन व लालबाग. रविवार, सकाळी हॉटेल, दुपारी म्युझियम. सोमवार, एकादशी, सबब सिटी मार्केट. बाजार नुसता बघितला तरी चालतो, त्याला उपास आड येत नाही, असा त्यामागचा विचार होता आणि मला तो फार हुशारीचा वाटला होता.

शनिवारी सकाळी स्टेशनावरून जटक्यातून घरी येताना मी तिसरी प्रत सासूबाईंच्या हाती दिली. घोड्याच्या तालावर डुलत त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, घडी करून कमरेला खोचली आणि "हं" म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

रविवारी सकाळी आम्ही लालबागेजवळच्या एका हॉटेलात गेलो. तिथे अशी पद्धत होती की जागेसाठी थांबलेल्या माणसाला हवं तर स्वयंपाकघरातून फेरी मारता यायची. मी मुद्दाम तेच हॉटेल निवडलं होतं, कारण सासूबाई हॉटेलच्या दारातूनच परत फिरतील ही बायकोला धास्ती होती. त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेरच येईनात. मी डोकावलो तर त्या तव्यापाशी उभ्या होत्या. आचारी कानडीत काहीतरी सांगत होता, त्या बेळगावी कानडीत उत्तरं देत होत्या आणि पिठात मेथी किती घालता यावर दोघांचं जवळजवळ एकमत झालं होतं. बाहेर येऊन त्यांनी निर्णय दिला की स्वच्छ आहे, भांडी मात्र फार जोरात आपटतात.

बसलो. डोसे आले. बायकोने आपल्या पानाला हातही लावला नव्हता, ती आईकडे बघत होती. सासूबाईंनी डोशाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग थोडं माझ्याकडे पाहिलं. एक तुकडा मोडला. चटणीला लावून खाल्ला. पुढचा तुकडा त्यांनी जरा मोठा मोडला, आणि माझ्या बायकोने पदराने नाक पुसलं. दुसरा डोसा त्यांनी स्वतः मागवला, तोही आचाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "स्वल्प कुरकुरीत" असा निरोप देऊन.

मी इतका खूश होतो की कार्यक्रमाच्या कागदावर तिथेच बरोबरची खूण केली.

दुपारी कब्बन पार्कातलं लाल रंगाचं म्युझियम. मी शिलालेखांपुढे उभा राहून वाचता येत असल्यासारखा चेहरा करत होतो. सासूबाईंना दगडांत रस नव्हता. उत्खननात सापडलेल्या मडक्यांपुढे मात्र त्या थबकल्या. एका मडक्यात वाकून बघत त्या लेकीला म्हणाल्या की हे बुडाला लागलेलं दिसतंय, बाईला कोणीतरी मध्येच हाक मारली असणार. हजार दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईविषयी दोघी मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. पाटीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर टेकलो, तर शेजारी एक कुटुंब बसलेलं. आमचं मराठी ऐकून त्यांच्यातल्या बाईंनी चौकशी केली. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्या बंगळुरात. घरात मराठी, पण त्यात कानडी मुरलेलं. बोलता बोलता त्यांनी डबा उघडून सासूबाईंपुढे धरला.

"घ्या की अक्का. साबुदाण्याची खिचडी आहे. उपासाचीच आहे, मीठसुद्धा शेंदेलोण."

"उपास उद्या आहे," मी म्हणालो. टाइप केलेल्या गोष्टीवर माझा विश्वास दांडगा.

बाईंनी मला नीट न्याहाळलं. "उद्या? तुम्ही माध्व काय?"

आम्ही माध्व नव्हतो. शेजारच्या अक्का होत्या. कधी कधी एकादशी दोन दिवसांना शिवते; तेव्हा आपल्यासारखे स्मार्त लोक आधीच्या दिवशी उपास करतात आणि माध्व वैष्णव दुसऱ्या दिवशी. बाईंनी मला हे लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. माध्वांची उद्या. आपली आज.

बायको माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईने इतक्या वर्षांत एकही एकादशी चुकवली नव्हती. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही. ती मी दोन डोशांत बुडवली होती, आणि तेही लेकीच्या हट्टापायी. आता आई पाणीसुद्धा घशाखाली घालणार नाही आणि रात्रीच्याच गाडीने परत निघेल, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता येत होतं. त्या शिलालेखांपेक्षा कितीतरी स्पष्ट. तिला रडू आवरेना. आई, माझं चुकलं, असं काहीतरी ती म्हणू लागली.

सासूबाईंनी डबा घेतला, चमचाभर खिचडी हातावर काढून घेतली आणि डबा बाईंना परत दिला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "निघताना पंचांग बघूनच निघाले होते मी."

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. जटक्यात, हॉटेलात, कुठेही सांगता आलं असतं.

"जावईबापू, तुम्ही छापून आणलं होतं. छापलेलं खोटं आहे असं कसं म्हणायचं?" पुढचं त्या लेकीकडे वळून बोलल्या, जरा हळू. "आणि तू समोर बसून वाट बघत होतीस, बाळ. स्वतः घास न घेता. तुला नाही म्हणायला एकादशी काय एवढी मोठी लागून गेली? उद्या करीन माध्वांबरोबर. देव काही आपला वेगळा आणि त्यांचा वेगळा नाही."

चिकपेटेच्या बाईंना हे पटलं नसावं, पण त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. थोड्या वेळाने सासूबाईंनी निकालाचा उरलेला भागही सांगितला: यात पाप काही असलंच तर ते वार चुकीचा सांगणाऱ्याचं. ते मला ताबडतोब मान्य झालं.

सोमवारी त्यांनी शेजारच्या अक्कांबरोबर उपास केला. प्रायश्चित्त म्हणून मीही केला. पौषातले दिवस, सिटी मार्केटात अवरेच्या शेंगांचे ढीग लागलेले, त्यांचा तो तेलकट गोड वास सगळीकडे. आपल्याकडच्या पावट्याच्याच, पण इथे त्यांचं कौतुक फार. सासूबाई ढिगामागून ढीग हाताळत हिंडत होत्या आणि मी मागून पिशवी घेऊन, पोटात कावळे ओरडत, चालत होतो. संध्याकाळी दोन्ही घरच्या बायका अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. सोलणं म्हणजे चुलीकडे जाणं नव्हे, असा सासूबाईंचा युक्तिवाद होता आणि बायकोने तो सोडून दिला.

मंगळवारी सकाळी उपास सोडून त्या गाडीत बसल्या. गाडी हलली, आम्ही दोघं फलाटाबाहेर आलो, जटका केला. मला दोन दिवस वाटत होतं की बायकोचं रागावणं अजून बाकी आहे. आई घरात असताना ती काही बोलली नव्हती. आता आडकाठी नव्हती. चामराजपेट आलं तरी ती रस्त्यावरची दुकानंच बघत होती. शेवटी मीच म्हणालो की काय बोलायचं असेल ते बोलून टाक.

"तिचं पान गरम असताना ती जेवते आहे, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं," ती म्हणाली. "त्या नादात तुमच्यावर रागवायचं राहूनच गेलं. उद्या सकाळी मला आठवण करून द्या."