बंद गाडीतली वळणं
लॉन मॉवरमध्ये पेट्रोल ओतलं की त्या वासासरशी मी पुन्हा गाड्यांच्या शर्यती होतात त्या स्पीडवेच्या गेटपाशी जाऊन उभा राहतो. मुलंच गाड्या चालवतात त्या स्टॉककार गटातलं लेकीचं ते शेवटचं वर्ष आणि मोसमातली शेवटची शर्यत. ती नुसती पूर्ण केली असती तरी क्लबच्या संघात तिची जागा पक्की होती. बाकीच्या गाड्या मातीच्या ट्रॅकवर गेल्या आणि आमची गेटातच बंद पडली. "जास्त थांबता येणार नाही, मेट," गेटवरचा माणूस म्हणाला. हाताला लागेल ती वायर दाबून मी बॉनेट आपटलं आणि ढकलायला मागे धावलो, तर शर्यतीचं नाव काढलं तरी चिडणारी बायको आधीच तिथे वाकून ढकलत होती; तिच्या रबरी चपला, जॅंडल्स, चिखलात रुतून मागे राहिल्या होत्या. "आई, ढकल ना," आमच्याशी कायम इंग्रजीत बोलणारी लेक स्टिअरिंगमागून रडत मराठीत म्हणाली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. गेट लागलं. लेक हेल्मेट घालून तशीच आत बसून राहिली, आणि शर्यत संपेपर्यंत ट्रॅकवरच्या गाड्यांच्या प्रत्येक वळणाला त्या बंद गाडीचं स्टिअरिंग फिरवत राहिली. आज मॉवर पहिल्याच झटक्याला सुरू झाला आणि मला त्याचा संताप आला.