दवातली चवळी

कोरेगावाहून परतताना रस्त्याकडेच्या वावरातून एक वास आला आणि मी गाडी बाजूला घेतली. हिरवट, गोडसर, कच्च्या शेंगेच्या जवळ जाणारा तो वास कापून ठेवलेल्या, उन्हात हळूहळू मान टाकणाऱ्या चवळीचा असतो. मक्याच्या ओळींतून वेल चढले होते, फिक्या जांभळ्या फुलांनी भरले होते. एक बाई विळ्याने कापत होती आणि कापलेलं बांधावर पातळ पसरत होती. माझं काही अडलं नव्हतं, तरी तोंडून निघून गेलं, "ताई, ओली टाकू नका जनावराला. सुकू द्या."

तिने मान वर केली आणि हसली. "आवं आबा, एवढं कुनाला ठावं नसतंय?"

मीही हसलो. त्या माउलीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण घर येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागच्या सीटवर बसून आलं.

आमच्या घरात चवळी आली ती थोरल्या वहिनीबरोबर. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, पावसाच्या भरवशावरचं. तिकडे जनावराच्या तोंडी काय पडणार याचा घोर बायकांना बारा महिने असतो. आमचं गाव पाटाच्या पाण्याचं, उसाचं. गव्हाणीत उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, टाकले की आमचं कर्तव्य संपलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती आईकडून लुगड्याच्या चिंधीत चवळीचं बी बांधून घेऊन आली. तांबूस, बारीक, डोळ्याशी काळं. "वाढ्यानं पोट भरतंय भावजी, अंग न्हाई भरत," ती मला म्हणाली होती. भावाने विहिरीकडेच्या दोन सऱ्या दिल्या, त्याही चेष्टा करत. पुढे दुधावर साय धरू लागली तशी त्याची चेष्टा आपोआप थांबली. वहिनी दरवर्षी चार वेल शेंगांसाठी राखायची, बी राखेत घोळून डब्यात भरायची. माहेरचं म्हणून तिच्याकडे दागिना असा नव्हताच. हा डबाच होता.

चवळी घालण्याची तिची एक रीत होती. फूल धरलं की कापायची, दव उतरल्यावर. बांधावर पसरून मलूल होऊ द्यायची. जनावराला आधी कडबा, मग चवळी, तीही कडब्यात मिसळून. मी फौजेत, सुट्टीवर आलो की हे सगळं दिसायचं, पण असं का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्यात ऊस गड्यांचा आणि गोठा बायकांचा. वाढे कसेही, केव्हाही टाकले तरी चालतात. तीच अक्कल मी चवळीला लावली.

नवरात्राच्या तोंडावरची सुट्टी होती. वहिनी तापाने दोन दिवस अंथरुणावर. भाऊ भल्या पहाटे कारखान्याकडे गेलेला. तिला तेवढाच आराम, या चांगल्या बुद्धीने मी सकाळी उठून विळा घेतला आणि कोवळ्या, दवाने निथळणाऱ्या चवळीचा भाराच गाईपुढे टाकला. गाय रात्रीची उपाशी होती. ती खात होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत खुशीत उभा होतो. ती खुशी आठवली की आजही माझी मला लाज वाटते.

दुपारी गाईच्या पोटात ओल्या चवळीचा वायू धरला आणि तिची डावी कूस फुगली. वहिनी तापातच उठून आली, गव्हाणीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोडेतेल आणायला आत पळाली. आम्ही तेल पाजलं, गाईला चालवलं, मी डॉक्टरला आणायला सायकल हाणली. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. परत आलो तेव्हा गाय आडवी पडून थंड झाली होती आणि वीस दिवसांचं वासरू दाव्याला हिसके देत होतं.

तिन्हीसांजेला भाऊ आला. गव्हाणीतली उरलेली ओली चवळी हातात घेऊन त्याने विचारलं, "ही कुनी टाकली?"

मी तोंड उघडणार तोवर वहिनी म्हणाली, "मीच टाकली. तापात ध्यान न्हाई ऱ्हायलं."

उघडलेलं तोंड मी मिटलं. भावाने तिला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. इतकंच म्हणाला, "माझ्या वावरात पुन्यांदा चवळी दिसता कामा न्हाई." चौथ्या दिवशी माझी सुट्टी संपली.

पुढच्या किती सुट्ट्यांना मी खरं सांगायचं मनाशी ठरवून आलो, आणि तिने केलेल्या पोळ्या खाऊन तसाच परत गेलो. गोठ्यात पुन्हा वाढे सुरू झाले होते. एकदा तिने तो डबा माझ्यासमोर पालथा केला. भुंग्यांनी पोखरलेलं बी आणि पीठ. "आता उगवायचं न्हाई हे," ती म्हणाली आणि उकिरड्यावर टाकून आली. 

ती गेल्या साली गेली. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या भावाला मी सगळं सांगितलं. आता त्याला नीट दिसत नाही. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"ती म्हनाली तिनं टाकली," तो म्हणाला. "ती माझ्याशी कवा खोटं बोलली न्हाई."

"पण दादा..."

"आता ती न्हाई. तिचा शबुद खोटा पाडायला तू आता आलायस व्हय रं?"

मग तो काठी टेकत आत गेला. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं की नाही, हे मला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. गाईचं पाप वहिनीच्या नावावर लागलं ते लागलं. ते माझ्याकडे परत मागायलाही मला उशीर झाला.

उद्या त्या रस्त्याने पुन्हा जायचं आहे. ती बाई असली तर मूठभर बी मागावं, असं मनात येतं. पण ते पेरू कुणाच्या वावरात? एवढं कुणाला ठाऊक नसतं, असं ती म्हणाली. मला ठाऊक नव्हतं, बाई. त्या तिन्हीसांजेला एवढंच बोलायचं होतं.