सावकाश पाठवलेले पैसे

माझं झेरॉक्सचं दुकान आणि ताईंचं बाइंडिंगचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. विद्यार्थी माझ्याकडे प्रबंध छापतात आणि तो गरम गठ्ठा तसाच उचलून शेजारी नेतात. त्यांना वाटतं, अर्ध्या तासात गोंद फासून मिळेल. ताई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "परवा या." मग मुलं माझ्याकडे येऊन तक्रार करतात, आणि मी सांगतो, बाबांनो, परवा नेलेलं पुस्तक तुमच्या नातवंडांच्या हातातही उसवायचं नाही.

ताईंचं वय आता साठीला टेकलं आहे. लग्न केलं नाही. तरुणपणी त्या घरच्यांशी भांडून परदेशी गेल्या आणि तिथे एका बाइंडरच्या हाताखाली नऊ वर्षं राहिल्या. त्यांना त्या मास्तर म्हणतात, म्हणून आम्हीही मास्तरच म्हणतो. मास्तरांना आम्ही कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल इतकं ऐकलंय की रस्त्यात भेटले तर ओळखू येतील. पहिलं वर्षभर त्यांनी ताईंना सुईला हात लावू दिला नव्हता. नुसतं कागद दुमडायचं काम. ताई रडकुंडीला आल्या, तेव्हा म्हणाले, "दुमड सरळ आली की मीच सुई देईन. मागू नकोस."

त्यांच्या कारखान्यात एक प्रेस होता. ओतीव लोखंडाचा, छातीपर्यंत उंच, वर मोटारीच्या स्टिअरिंगएवढं चाक. चाक फिरवलं की जाड पाटा खाली उतरतो आणि शिवलेली पुस्तकं दाबून धरतो. पुस्तकाची पाठ सरळ राहते ती त्या दाबामुळे. इथे परतल्यावर ताईंनी लाकडी फळ्या आणि नटबोल्ट घेऊन स्वतःपुरता जुगाड केला होता. वीस वर्षं त्यावर काम चालवलं, पण एखादं पुस्तक मनासारखं झालं नाही की हमखास म्हणायच्या, "मास्तरांचा प्रेस असता ना, तर दाखवलं असतं."

आणि एक दिवस मास्तरांचाच फोन आला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, कारखान्याची जागा सोडायची ठरली होती. पुढच्याच गुरुवारी दुपारी बारा वाजता किल्ली मालकाच्या हातात द्यायची होती. हत्यारं कुणी कुणी नेली, राहिला होता प्रेस.

"तुझ्याकडे आला तर मला बरं वाटेल," मास्तर म्हणाले.

ताईंनी किंमत विचारली तर चिडले. "माझ्या हयातीत मी तुला काय विकणार आहे? फक्त पेटी बांधून पाठवायचा खर्च तेवढा तू कर. माझ्याकडे पैसे असते तर तोही मागितला नसता."

खर्च थोडाथोडका नव्हता. वाहतूकवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं की पूर्ण पैसे हातात पडल्याशिवाय माल उचलणार नाही. ताई बँकेत गेल्या, तर तिथल्या बाईंनी फॉर्मचा गठ्ठा पुढे सरकवला आणि आठ-दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांना आपल्या बिटकॉइनची आठवण झाली.

ती एक वेगळीच गंमत. काही वर्षांपूर्वी एका संगणकवाल्या माणसाने वडिलांच्या चाळीस डायऱ्या ताईंकडून बांधून घेतल्या होत्या. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ओशाळून म्हणाला, "रोख जमत नाहीये, हे घ्याल का?" आणि ताईंच्या फोनवर एक पाकीट उघडून त्यात थोडं बिटकॉइन टाकून गेला. आम्ही सगळ्यांनी ताईंना वेड्यात काढलं. पुढे त्याची किंमत वाढत वाढत इतकी झाली की आमची तोंडं आपोआप बंद झाली. मास्तरांच्या मुलीकडेही तसलं पाकीट होतं. म्हणजे मार्ग सापडला.

सोमवारी सकाळी ताई फोन घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. "भाऊ, जरा तुमची नजर द्या. शून्यं मोजा."

मी मोजली. मुलीच्या पाकिटाचा पत्ता दोनदा ताडून पाहिला. शेवटी पडद्यावर तीन पर्याय आले: जलद, मध्यम, सावकाश. प्रत्येकापुढे फी लिहिलेली. जलदची फी म्हणजे साध्या खाणावळीतलं एक जेवण. सावकाशची म्हणजे दोन कप चहा.

"पैसे तेच जाणार ना?" ताईंनी विचारलं.

"तेच जाणार. नुसता वेळेचा फरक."

"मग गुरुवारपर्यंत वेळच वेळ आहे."

"सावकाश जाऊ द्या की," मी म्हणालो. "उगाच कशाला भरायचे?"

हे वाक्य माझं आहे. ताईंनी नंतर कधीही, कुणापाशीही, ते माझ्या माथी मारलं नाही. म्हणून मीच सांगून टाकतो.

त्यांनी बटण दाबलं आणि मास्तरांच्या मुलीला कळवलं: पाठवले. मग आम्ही दोघांनी त्यांच्या दुकानात टेप लावून प्रेससाठी जागा मोजली. खिडकीखालचं कपाट हलवावं लागणार होतं. ते आम्ही लगेच हलवलंसुद्धा.

मंगळवारी सकाळी मुलीचा निरोप आला, की तिच्याकडे रक्कम दिसते आहे, पण पुढे 'प्रलंबित' असं लिहिलंय, आणि प्रलंबित पैसे वाहतूकवाला मानत नाही. ताईंनी त्या संगणकवाल्याला फोन लावला. मीही कान देऊन उभा होतो.

"पैसे कुठेही गेलेले नाहीत," तो म्हणाला. "रांगेत उभे आहेत. जो फी जास्त देतो त्याला आधी आत घेतात. काल रात्रीपासून अचानक गर्दी झाली आहे, त्यामुळे तुमच्यासारखे सगळे मागे ढकलले गेलेत."

"मग आता?"

"सोपं आहे. त्याच व्यवहारावर 'फी वाढवा' असं बटण आहे. ते दाबा, पुढे सरकेल."

ताईंनी बटण शोधलं. पडद्यावर नवी फी आली, आधीच्या दसपट. त्यांनी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"दसपट! काल तर जलदची फीसुद्धा एवढी नव्हती. गर्दी काय, आज आहे, उद्या नाही."

मला वाटलं, बरोबर बोलतायत. त्यांची काटकसर मी रोज पाहत होतो. कापलेल्या कागदाच्या पट्ट्या त्या टाकत नाहीत, त्यांच्या खुणेच्या फिती करतात. वाटीच्या कडेला वाळलेली खळसुद्धा पाणी घालून भिजवतात. अशा बाईला नुसत्या रांगेत पुढे जाण्यासाठी पैसे मोजायला सांगणं मला जमलं नाही.

बुधवारी गर्दी ओसरली नाही, वाढली. वाढीव फी आता वीसपट दाखवत होती. ताईंचं कामात लक्ष लागेना. दर दहा मिनिटांनी फोन बघत होत्या. एका प्रबंधाचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्या, उलटसुलट शिवले, ते पुन्हा उसवावे लागले. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मास्तरांचाच फोन आला. मी शेजारीच होतो, त्यांचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. ताई बोलताना उठून उभ्या राहिल्या, जशा कारखान्यात राहत असतील.

मास्तर म्हणाले, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग हं. मी काही म्हणणार नाही."

"छे हो मास्तर, अडचण कसली? जरा तांत्रिक काहीतरी आहे. पोचतील."

"तसं नाही. एवढा खर्च... माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुझ्याकडे जागाही लहान असेल."

"जागा केली आहे मास्तर."

"बरं बरं," मास्तर म्हणाले, आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

मी विचारलं, "ताई, तुम्ही सरळ का नाही सांगितलं, की फी कमी भरली म्हणून अडकलंय?"

ताई म्हणाल्या, "काय सांगू? त्यांनी आख्खा प्रेस फुकट दिला आणि मी दोन चहांचा हिशोब केला, हे सांगू?"

त्याच वेळी बटण दाबलं असतं तरी चाललं असतं. दोघांनाही ते कळत होतं. पण माणूस दोन दिवस थांबला की तिसऱ्या दिवशी माघार घेणं आणखी अवघड होतं. आधी थांबलेलं सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं. ताईंनी सकाळपर्यंत वाट बघायचं ठरवलं.

गुरुवारी मी दुकान उघडलं तेव्हा ताई आधीच आल्या होत्या. फी तीसपट झाली होती. म्हणजे सहा प्रबंधांची बांधणी. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. अंगठा ठेवला, दाबला आणि फोन दोन्ही हातांत धरून स्टुलावर बसल्या. अर्ध्या तासाच्या आतच पडद्यावर हिरवी खूण आली. 'पूर्ण'. मी टाळीसुद्धा वाजवली. ताईंनी मुलीला निरोप पाठवला: मिळाले ना? आता वाहतूकवाल्याला सांग.

उत्तर यायला जरा वेळ लागला.

"मिळाले. पण प्रेस सकाळी गेला. भंगारवाला अंगणात आला होता, बाबांनी त्याला हाक मारली. अख्खा दारातून निघेना, सुटा करत बसायला त्याला वेळ नव्हता, म्हणून तोडून नेला. बाबा म्हणाले, तिला जमत नसावं, बिचारी संकोचाने बोलत नाही, आपण तिला आणखी अडचणीत नको टाकायला."

ताईंनी तो निरोप मला वाचायला दिला. आत गेल्या आणि खिडकीखालची मोकळी जागा झाडू लागल्या. झाडलेलीच जागा पुन्हा पुन्हा झाडत होत्या. मी शेवटी हातातून झाडू काढून घेतला.

त्याच दिवशी संध्याकाळी पैसे परत आले. सगळे. मास्तरांनी मुलीला बजावलं होतं म्हणे, की पोरीचे पैसे आपल्याकडे एक मिनिट जास्त राहायला नकोत, सगळ्यात जलद काय असेल ते कर. पाच-सात मिनिटांत आले.

ताईंनी फोन लावला आणि या वेळी काहीही न लपवता सांगितलं. तीन पर्याय होते, मी सगळ्यात स्वस्त निवडला, मंगळवारी दुरुस्त करता आलं असतं, केलं नाही, तुमच्याशी खोटं बोलले. मी भिंतीच्या अलीकडे होतो. आवाज चढला नव्हता, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

मास्तर काय म्हणाले ते ताईंनी मला नंतर सांगितलं. आधी ते हसले. मग म्हणाले, "अगं, एक फोन करायचास ना. मी भंगारवाल्याला चहा पाजून दोन दिवस बसवून ठेवला असता." आणि पुढे म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. मला वाटलं, मी विचारलं तर तुला नाही म्हणता येणार नाही."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताई म्हणाल्या. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते.

पुढे महिनाभर त्यांनी शिवणाचं काम घेतलंच नाही. मुलं आली की चक्क गोंद फासून द्यायच्या, अर्ध्या तासात. मुलं खूश. मला ते बघवत नव्हतं. मी एक-दोनदा नवीन प्रेसचा विषय काढला, बाजारात मिळतात हलके, स्टीलचे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग परत आलेल्या त्या पैशांतून ताईंनी एक दिवस तिकीट काढलं. मला दुकानाची किल्ली देऊन म्हणाल्या, "आठ दिवस लक्ष ठेवा. गोंदाचे डबे बंद आहेत का बघत जा." इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच मास्तरांना भेटायला चालल्या होत्या. प्रेस यायचा होता तेव्हासुद्धा हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

परतल्या तेव्हा मी चहा मागवला आणि विचारलं, "कसे आहेत मास्तर?"

"वाळलेत. जिना उतरता येत नाही. पण दुपारभर खिडकीशी बसून बोलतात. मला पुस्तकाच्या डोक्यावरची रेशमी पट्टी शिवायला शिकवली, दोन रंगांची. तेव्हा राहून गेली होती."

"आणि कारखाना?"

"तिथे आता टायर ठेवतात. मुलीने लांबून दाखवला. मास्तर त्या रस्त्याने जातच नाहीत म्हणाली."

"प्रेसचं काही बोलणं झालं?"

ताईंनी मान हलवली. "एकदा ते म्हणाले, 'त्या दिवशी सकाळी...' आणि थांबले. मी म्हटलं, 'मास्तर, पाणी देऊ?' तर म्हणाले, 'दे.'"

तेवढ्यात एक मुलगी प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभी राहिली. किती वेळ लागेल म्हणून विचारलं. ताईंनी चहाचा कप बाजूला ठेवला, वरची चार पानं उलटून पाहिली, आणि तिला परवा यायला सांगितलं.